धोंड्याचा महिना आणि उजवीकडची स्क्रीन

माझ्या कॉम्प्युटरची उजवीकडची स्क्रीन बंद पडली, त्या दिवशी आमच्या घरात सहा माणसं होती आणि त्यातल्या पाचांवर माझा संशय होता. सहावा मी. मी पदवीधर असल्यामुळे माझ्यावर संशय घेण्याचा प्रश्नच नव्हता.

आमच्या खानदानात पदवी घेतलेला मी पहिला. अकोटजवळच्या गावातून रोज एसटीने शाळेत जायचं, शाळा सुटली की टायपिंग क्लास, मग अमरावतीला कॉलेज, असा माझा प्रवास. त्या टायपिंग क्लासचे उपकार मी कधी विसरणार नाही. मराठी टायपिंगची परीक्षा मी पहिल्या झटक्यात पास झालो आणि तेव्हापासून मित्राला दोन ओळी लिहायच्या तरी शुद्ध देवनागरीत लिहितो. त्या दिवशी मी इंग्रजीत लिहिलं असतं, तर वाचलो असतो. पण ते पुढे येईल.

नोकरी पुण्याच्या एका कंपनीत. दवाखान्यांची बिलं करणारा प्रोग्राम बरोबर चालतो की नाही हे मी तपासायचो. डाव्या स्क्रीनवर जुना प्रोग्राम, उजव्या स्क्रीनवर नवा. दोन्हीकडे तेच बिल भरायचं आणि फरक कुठे पडतो ते पकडायचं. म्हणजे दिवसभर संशय घेण्याचाच मला पगार मिळायचा. असं काम मनापासून करणाऱ्या माणसाचं घरी काय होत असेल, हे वाचकांनी समजून घ्यावं.

मी पुण्यात, आणि बायको रेखा अमरावतीत शिक्षिका. आमची मनू मला 'फोनातले बाबा' म्हणायची. दिवाळीला मी घरी आलो तेव्हा तळहातापेक्षा मोठा बाप पाहून ती इतकी घाबरली की रेखाच्या मागे लपून तिने फोनच माझ्यापुढे धरला, आत जा म्हणून. त्या दिवशी मी ठरवलं की काहीही करून अमरावतीहून काम करायचं. कंपनीतल्या सरांच्या खूप मिनतवाऱ्या केल्या. शेवटी ते म्हणाले, "उन्हाळाभर घरून करून पाहा. नंतर एक दिवस मला दोन्ही स्क्रीन दाखवत पूर्ण तपासणी करून दाखव. जमलं तर राहा तिथेच. नाही जमलं तर बॅग भरून पुण्याला ये."

तो एक दिवस म्हणजे हाच. दुपारी चार वाजता.

आता घरातली माणसं सांगतो. आई-बाबा गावाहून आमच्याकडे राहायला आले होते. आदल्या हंगामात कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली आणि तेव्हापासून बाबांचा वरून चांगल्या दिसणाऱ्या कुठल्याही वस्तूवरचा विश्वास उडाला. "वरून बोंड टकाटक, आत अळी," हे ते टरबुजापासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांबद्दल म्हणायचे. आणि माझ्याबद्दलही थोडंसं. कारण मी दिवसभर दार लावून करतो तरी काय, हे त्यांना कधी दिसलं नव्हतं.

"तू काय करतं रे बापू दिवसभर त्या खोलीत?" ते विचारायचे.

"दाखवीन एखाद्या दिवशी," मी म्हणायचो.

हेही लक्षात ठेवा.

पाचवे म्हणजे रेखाचे वडील. अकोल्याचे, एसटीतले निवृत्त कंडक्टर. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. धोंड्याचा महिना सुरू होता, म्हणजे अधिक महिना. या महिन्यात जावई साक्षात नारायण असतो. त्याला घरी बोलावून पुरणाचं जेवू घालायचं, वाण द्यायचं आणि मुख्य म्हणजे त्याला उलट एक शब्द बोलायचा नाही. मामाजी मला आणि रेखाला न्यायला आदल्या दिवशीच खास अकोल्याहून आले होते. चारचं काम झालं की आम्ही त्यांच्याबरोबर निघणार होतो.

माझी खोली आणि हॉल यांच्यामध्ये एकच भिंत. अलीकडे माझं टेबल, पलीकडे टीव्ही. मनूच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो सगळ्यांना मोठे दिसावेत म्हणून मी त्या भिंतीला एक भोक पाडून घेतलं होतं. (त्या भोकाबद्दल घरमालक अजून बोलतात.)

आदल्या संध्याकाळी कॉम्प्युटरने विचारलं होतं, अपडेट करू का? मी 'कर' म्हणालो. मला कुणी नम्रपणे विचारलं की नाही म्हणता येत नाही. सकाळी खोलीत येऊन पाहतो तर डावी स्क्रीन सुरू, पण तिच्यावरची अक्षरं फुगलेली, जत्रेतल्या आरशात दिसतात तशी. उजवी स्क्रीन ठार काळी. त्या काळोखात खाली एक बारीक दिवा तेवढा लुकलुकत होता.

चहाच्या वेळी मी सगळ्यांवरून एक नजर फिरवली आणि विचारलं, "काल माझ्या खोलीत कोण गेलं होतं?"

सगळे आपापल्या चहात पाहू लागले.

"तुह्या खोलीत कोण जाते बावा," बाबा म्हणाले. "आमी त त्या दारासमोरून पायताण हातात घेऊन जातो."

मामाजींनी कप खाली ठेवला आणि छताकडे पाहिलं. मी ते टिपलं. कारण आत टेबलाखाली, अगदी वायरींना चिकटून, मामाजींची रेक्झिनची पिशवी होती. पण धोंड्याच्या महिन्यात नारायणाने सासऱ्याला विचारायचं कसं? मी खोलीत गेलो, दार लावलं आणि कॉम्प्युटरवरूनच सलीमला मेसेज केला.

सलीम आमच्याच कंपनीत मशीन दुरुस्तीला होता. मूळचा चांदूर बाजारचा, त्यामुळे पुण्याच्या ऑफिसात मला मोकळेपणाने रागावणारा एकमेव माणूस.

'सलीम, उजवी स्क्रीन गेली. चार वाजता सरांना दाखवायचंय,' मी शुद्ध देवनागरीत टाइप केलं.

'वायर हालली असन,' त्याचं उत्तर आलं. 'कोणी हात लावला काय?'

'मला मामाजींवर संशय आहे. टेबलाखाली त्यांची पिशवी आहे. आयुष्यभर लोकांना पिशवी सरकवा, पिशवी सरकवा म्हणणारा माणूस. यांनीच ती सरकवताना वायरीला धक्का दिला असणार.'

एवढं लिहून होतं न होतं तोच दारावर टकटक झाली. मामाजी.

"जवाईबापू, जरा पिशवी नेतो माही."

"असू द्या मामाजी, अडचण नाही."

"नाई जी. नेतोच."

पिशवी छातीशी धरून, देवाच्या गाभाऱ्यातून निघावं तसे ते माझ्याकडे पाठ न करता उलट्या पावलांनी बाहेर गेले. मला जरा नवल वाटलं. पण वायरी सगळ्या जागच्या जागी घट्ट होत्या. म्हणजे मामाजी नाहीत. मी दुसऱ्या संशयिताकडे वळलो.

'आईचा हात असू शकतो,' मी सलीमला लिहिलं. 'पोछा मारताना ती बादली थेट टेबलाखाली घालते. आत पाणी गेलं असेल.'

हॉलमधून आईचा आवाज आला. चांगला खणखणीत.

"म्या आठ दिवसांत त्या खोलीत पोछा नाई मारला. सांगून ठेवते."

मी दार किलकिलं केलं. "आई, कोणाशी बोलतेस?"

"भिंतीशी," आई म्हणाली.

मी दार लावलं. ज्या घरात आई भिंतीशी बोलते त्या घरात आणखी काय काय चालत असेल? पण चार वाजायचे होते आणि मला थांबायला वेळ नव्हता. सलीमने सांगितलं होतं की कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन किती स्क्रीन दिसतात ते पाहा.

मी पाहिलं. कॉम्प्युटर म्हणत होता, दोन. दोन्ही सुरू. दोन्ही उत्तम.

'खोटं बोलतोय हा,' मी सलीमला कळवलं. 'माझ्यासमोर एक ढळढळीत काळी पडली आहे आणि हा म्हणतो दोन्ही चालू.'

'मशीन खोटं नाई बोलत,' सलीमने लिहिलं. 'मानूस बोलते. आकडे दाखवाचं बटन दाब. कोनती स्क्रीन कितवी थे कळन.'

मी ते बटण दाबलं. डाव्या स्क्रीनवर, हातभर मोठा, 'एक' आणि त्याला खेटून 'दोन' असे दोन्ही आकडे एकदमच उमटले. उजवीकडे अंधार. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

हॉलमधून बाबांचा आवाज आला, "आता काय आलं?"

"एक, दोन," मामाजी म्हणाले.

"अन् आता?"

"आताबी एक, दोनच."

मला वाटलं, टीव्हीवर कापसाचे भाव पाहत असतील. एकने वर, दोनने खाली.

बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचं ऊन होतं. कूलर हॉलमध्ये, मी आत पंख्याखाली. सलीमला हे कळवल्यावर तो म्हणाला, 'मंग गरम झालं असन थे. थंड होऊ दे जरा.'

मी उत्तर लिहीपर्यंत दार उघडून आई आत आली. तिच्या हातात एक सोललेला पांढरा कांदा होता. तो तिने काळ्या स्क्रीनच्या पायाशी नीट ठेवला.

"हे काय?"

"ऊन लागलं असन त्याले. कांदा ठेवला म्हणजे उतरते."

"तुला कोणी सांगितलं ते गरम झालंय म्हणून?"

"तूच त..." आई बोलायला लागली, तेवढ्यात रेखाने मागून येऊन तिचा हात धरला.

"चला आई. त्यांना त्यांचं काम करू द्या."

हे वाक्य रेखाने ज्या गोडीने म्हटलं, त्या गोडीने तिने लग्नानंतर माझ्याशी एकही वाक्य म्हटलं नव्हतं. मला दरदरून संशय आला. रेखाला आज माहेरी जायचं होतं. कालच ती म्हणाली होती, तुमचं ते चारचं काम एकदाचं उरकू द्या. मी ताबडतोब सलीमला लिहिलं, 'मूळ सूत्रधार रेखा असावी. तिला अकोल्याला जायची घाई झाली आहे. मामाजी आले की तिचा चेहराच बदलतो. घरात मला तिच्यासमोर बोलायची सोय नाही, म्हणून तुला लिहितो.'

मग जेवणाची वेळ झाली. त्या दिवशी कढीगोळे होते. आमच्याकडे हरभऱ्याच्या डाळीचे गोळे कढीत सोडतात आणि घरी कढीगोळे असले की मी सरांचा फोनही उचलत नाही. सगळ्यांच्या वाटीत चार-चार, पाच-पाच गोळे तरंगत होते. माझ्या वाटीत नुसती कढी.

"गोळे?" मी विचारलं.

"संपले," रेखा म्हणाली. आणि तिने मामाजींच्या वाटीत आणखी दोन गोळे घातले.

मामाजी वाटीत पाहत होते. बाबा खोकत होते. मनू एका गोळ्याशी खेळत होती. मी कढी प्यायलो. आता माझी खात्री पटली. मी जे सलीमला लिहितो ते या घरात कुणालातरी कळतं. पण कसं? खोलीला दार एक, खिडकी एक, दोन्ही बंद. फोन माझ्या खिशात. म्हणजे फितुरी पुण्याहून.

खोलीत जाऊन मी आधी दाराच्या कुलपाच्या भोकात बाबांनी नमुन्याला आणलेला कापूस बोळा करून कोंबला. खिडकीवर टॉवेल टांगला. खुर्ची दारापासून सरकवून भिंतीला अगदी चिकटवली, म्हणजे पाठीमागून कुणी डोकावू नये. मग लिहिलं, 'सलीम, खरं सांग. तू आमच्या घरी फोन करून माझे मेसेज वाचून दाखवतोस का?'

'मी?' सलीमने लिहिलं. 'मले तुह्या घरचा नंबर बी मालूम नाई. अन् मले दुसरे काम नाईत काय? शकाचं औषध हकीम लुकमानजवळ बी नव्हतं भाऊ. पानी पे.'

'कुणीतरी माझं वाचतंय. मी बाबांवर अजून संशय घेतलेला नाही, पण ते मोबाईल चार्जिंगला माझ्याच बोर्डात लावतात हे विसरून चालणार नाही.'

त्यावर हॉलमध्ये काहीतरी हललं. थोड्या वेळाने बाबा आत आले, माझ्याकडे न पाहता बोर्डातून आपला चार्जर उपसला आणि दारापर्यंत जाऊन थांबले.

"बापू," ते म्हणाले, "वरून काहीच नसते कळत. आत पाहा लागते."

"कशाच्या आत?"

"मी नाई बोलत मधात. तुह्यं काम हाय," असं म्हणून ते गेले.

चार वाजायला आले. उजवी स्क्रीन काळी ती काळीच. तिच्या पायाशी कांदा. मी ठरवलं की सरांना खरं सांगायचं नाही. एकाच स्क्रीनवर दोन्ही प्रोग्राम अर्धे अर्धे लावायचे आणि गजानन महाराजांचं नाव घ्यायचं. केस विंचरले. शर्ट घातला. (खाली घरचा पायजमाच होता. कॅमेऱ्यात फक्त पदवीधर भाग दिसतो.)

बरोबर चारला सरांचा कॉल आला. स्क्रीनवर सरांचा चेहरा उमटला, ओठ हलले, पण आवाज नाही. मी स्पीकर वाढवला. आवाज नाही. स्पीकरला एक चापट मारली. आवाज नाही. म्हणजे आता स्पीकरही फितूर झाला होता.

आणि तेवढ्यात हॉलमधून, कूलरच्या घरघरीवर मात करत, सर बोलले.

"हॅलो. संतोष, माझा आवाज येतोय का?"

"येऊन राहिला साहेब," बाबांनी उत्तर दिलं. "बोला तुमी."

माझ्यासमोरच्या सरांनी भुवया वर केल्या. "कोण बोलतंय?"

"मी संतोषचा बाप. रामराम. पानी घेता काय?" आणि मग स्वतःशीच, "कसं घेतीन म्हना."

मी खुर्ची सोडून हॉलमध्ये धावलो.

हॉलचे पडदे लावलेले होते. कूलरसमोर सतरंजीवर सगळे ओळीने बसले होते, आई, बाबा, मामाजी, रेखा आणि मनू, मध्ये फुटाण्यांचं ताट. समोर भिंतीवर टीव्ही. टीव्हीत भिंतभर सर. सरांच्या एका कोपऱ्यात माझी रिकामी खुर्ची. आणि सरांच्या शेजारी, दुरूनही वाचता येईल अशा फुगलेल्या शुद्ध देवनागरीत, सलीमला सकाळपासून लिहिलेला माझा एकेक शब्द.

मनूने टीव्हीतल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग दारात पायजम्यावर उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"बाबा टीव्हीतून पडले," ती म्हणाली.

त्या एका क्षणात मला सगळं समजलं. कॉम्प्युटर खरं बोलत होता. दोन स्क्रीन सुरू होत्या. एक माझ्यासमोर आणि दुसरी भिंतीपलीकडे. त्या बिचाऱ्याला एका वेळी दोनच झेपतात. वाढदिवसाच्या फोटोंसाठी मीच भोकातून टीव्हीला जोडलेली वायर मी कधी काढलीच नव्हती. अपडेटनंतर त्याने माझी उजवी स्क्रीन सोडली, टीव्ही धरला आणि जे मला दिसायचं तेच हॉलला दाखवायला सुरुवात केली. चित्रही आणि आवाजही.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" माझा आवाज चिरकला.

"काय सांगाचं?" बाबा म्हणाले. "तूच म्हने, दाखवीन एखाद्या दिवशी. आमाले वाटलं व्याही आले म्हणून आज दाखवून राहिला. आवाजबी म्या बारीक ठेवला होता, तुले तरास नको म्हणून. साहेब दिसले तवा वाढवला."

"संतोष?" टीव्हीतून सर म्हणाले. आमचं सगळं बोलणं खोलीतल्या माईकमधून पुण्याला ऐकू जात होतं. "तुझे वडील काय म्हणतायत? सकाळपासून काय दाखवतोयस तू?"

"काम दाखवते साहेब," बाबांनी सांगून टाकलं. "लय मेहनती पोरगा. सकाळपासून त एका सलीमसंगच बोलून राहिला."

संपलं. मला डोळ्यांसमोर पुण्याची गाडी दिसली, बॅग दिसली, मनूच्या हातातला फोन दिसला आणि त्यात मी.

तेव्हा मामाजी उठले. सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या आणि टीव्हीसमोर, गाडीत उभं राहून घंटी मारावी तसे ताठ उभे राहिले.

"साहेब, मी त्यांचा सासरा. अकोल्याचा. मले एक सांगा, संतोषरावांचं काम काय हाय?"

"चुका शोधायचं," सर म्हणाले.

"मंग मी गवाह हाय. सकाळपासून यांनी चुकाच शोधल्या. घरातल्या एकालेबी नाई सोडलं. मलेबी नाई सोडलं." त्यांनी एक बोट वर केलं. "धोंड्याच्या महिन्यात."

टीव्हीतला सरांचा चेहरा जरा पुढे आला. मग सर हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होतो आणि तेही इतक्या मोठ्या आकारात.

मी टीव्हीच्या मागे हात घातला आणि वायर ओढली. टीव्ही निळा पडला. "गेले साहेब," बाबा हळहळले. आतल्या खोलीत टुंग असा आवाज झाला. धावत जाऊन पाहतो तर उजवी स्क्रीन लख्ख पेटली होती, कांद्यासकट. आई दारात आली आणि समाधानाने म्हणाली, "उतरलं ऊन."

पुढचा तास मी दोन्ही स्क्रीनवर तपासणी करून दाखवली. आयुष्यात इतकं चांगलं काम मी कधी केलं नाही, कारण वर मान करून कुणाकडे पाहायची मला हिंमतच नव्हती. शेवटी सरांनी विचारलं, "सुरुवातीला बिघाड काय होता?"

"बिघाड नाही सर. घरात एक तिसरी स्क्रीन होती."

"तुझ्याकडे तीन स्क्रीन आहेत?" सर म्हणाले. "इथे पुण्यात मी लोकांना दुसरी देऊ शकत नाही. राहा बाबा तिथेच."

मी राहिलो. मनूने मला त्या दिवसापासून 'टीव्हीतले बाबा' केलं. बढतीच म्हणायची.

संध्याकाळी निघायच्या तयारीत असताना आईने मला बाजूला घेऊन बाकीचं सांगितलं. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना दूरचं वाचता येत नाही. मामाजींची नजर मात्र फाट्यावर वळणाऱ्या गाडीची पाटी वाचणारी. म्हणून बाबा दर ओळीला विचारायचे, "आता काय लिवलं त्यानं?" आणि मामाजी, व्याह्याचा मान राखून, माझी प्रत्येक ओळ थांब्यांची नावं पुकारावी तशी सपाट आवाजात, पण कूलरच्या घरघरीबाहेर जाणार नाही इतक्या हळू वाचून दाखवायचे. स्वतःच्या पिशवीची ओळसुद्धा. रेखा सूत्रधार असल्याची ओळ त्यांनी आईच्या आग्रहावरून दोनदा वाचली होती.

"तू तरी मला थांबवायचंस," मी रेखाला म्हणालो.

"थांबवणारच होते," ती म्हणाली. "मग माझं नाव आलं. म्हटलं, बघू तर खरं, कुठपर्यंत जातात."

एसटीत मामाजींनी मला खिडकीची जागा दिली. पिशवी मांडीवर घट्ट धरून ते माझ्या शेजारी बसले. मूर्तिजापूर येईपर्यंत मी शब्द जुळवत होतो.

"मामाजी, ते सकाळचं माझं लिहिलेलं..."

"कायचं जी?" ते म्हणाले. "मले त काई आठवत नाई. जवाई म्हणजे नारायण. नारायणानं काई लिवलं असन त बरोबरच लिवलं असन."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती मोठ्या मनाचा माणूस, आणि मी एका पिशवीवरून त्यांच्यावर संशय घेतला. त्याच गाडीत मी ठरवलं की यापुढे कुणावर म्हणून संशय घ्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला माझं धोंड्याचं जेवण झालं. पाय धुतले, पाट मांडला, पुरणाचे धोंडे वाढले, आणि कढीत बोट बुडायला जागा राहू नये इतके गोळे होते. सगळं यथासांग. फक्त हॉलमध्ये बसल्यावर माझं लक्ष समोरच्या भिंतीकडे गेलं. मामाजींचा टीव्ही एका जाडजूड टॉवेलने वरपासून खालपर्यंत झाकलेला होता आणि टॉवेल हलू नये म्हणून त्याला कपडे वाळवायचे चिमटे लावले होते.

"मामाजी," मी विचारलं, "तुमचा टीव्ही बिघडलाय का?"

"नाई जी," मामाजी अदबीने म्हणाले. "टीव्ही चांगला हाय."